वॉरंटवर सही कोणाची?

७ एप्रिल २०२५ रोजी लॉस एंजेलिसमधल्या दोन प्राथमिक शाळांच्या दारात केंद्र सरकारचे अधिकारी येऊन उभे राहिले. होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशांतर्गत सुरक्षा खात्याची ही माणसे. एका शाळेत त्यांना चार मुलांना भेटायचे होते, दुसरीत एकाला. सगळी पहिली ते सहावीतली. मुले सुखरूप आहेत ना एवढेच पाहायचे होते, असे खात्याने नंतर सांगितले. पालकांनी परवानगी दिली आहे, असे अधिकारी म्हणाले. शाळा प्रशासनाने चौकशी केली, तर तशी परवानगी कोणी दिलेलीच नव्हती. दोन्ही मुख्याध्यापकांनी नकार दिला आणि अधिकारी आल्या पावली परत गेले. या शाळांचे तेव्हाचे अधीक्षक अल्बर्टो कार्व्हाल्हो स्वतः सतराव्या वर्षी पोर्तुगालहून आलेले. तेही एके काळी अमेरिकेत कागदपत्रांविना राहिले होते.

विमानेच्या विमाने भरून माणसे हद्दपार करण्याची ताकद असलेल्या सरकारचे अधिकारी एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या ‘नाही’पुढे थांबतात, हे कसे घडते? मुख्याध्यापक धीट होते हे खरेच, पण नुसत्या धिटाईवर असे दार रोखून धरता येत नाही. त्यामागे गेल्या पावणेदोनशे वर्षांत थर साचत गेलेला कायदा आहे. त्याचे काही थर तर अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आले आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अमेरिकेत कोणी यावे, कोणी राहावे आणि कोणाला बाहेर काढावे हे ठरवण्याचा अधिकार फक्त केंद्राचा आहे. २००३ साली स्थापन झालेली ‘आइस’ ही संस्था देशाच्या आतली धरपकड आणि हद्दपारी पाहते. कोणतेही राज्य आइसला ‘आमच्या हद्दीत पाय ठेवू नका’ असे सांगू शकत नाही. ‘सँक्चुअरी’ राज्य म्हणजे जिथे केंद्राचा कायदा चालत नाही असे अभयारण्य, ही समजूत दोन्ही बाजूंच्या भाषणबाजीने पसरवली आहे आणि ती चूक आहे. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर आइस ज्याला पकडू पाहील त्याला पकडण्याचा तिचा अधिकार टेक्सासइतकाच आहे.

मग राज्यांच्या हातात उरते काय? त्यांची स्वतःची माणसे. राज्याचा पोलीस, राज्याच्या शाळेतला शिक्षक, सरकारी इस्पितळातली परिचारिका, ग्रंथालयाचा कर्मचारी. यांनी केंद्राचे काम करावे अशी सक्ती केंद्राला करता येत नाही. राज्यांच्या ‘सँक्चुअरी’ कायद्यांचा पाया तो आहे, आणि त्याची कथा गुलामगिरीच्या काळापर्यंत मागे जाते.

१८३७ साली एडवर्ड प्रिग नावाच्या माणसाने पेनसिल्व्हेनियातून मार्गारेट मॉर्गन या स्त्रीला पळून आलेली गुलाम ठरवून जबरदस्तीने मेरीलँडला नेले. पेनसिल्व्हेनियाने त्याच्यावर अपहरणाचा खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८४२ मध्ये न्यायालयाने प्रिगच्या बाजूने निकाल दिला: फरारी गुलामांचा कायदा केंद्राचा आहे, राज्याने त्यात आडकाठी करू नये. मात्र न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकालपत्रात एक फट ठेवली. हे काम केंद्राचे असेल, तर ते करण्याची सक्ती राज्याच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही. उत्तरेकडच्या राज्यांनी ती फट ताबडतोब हेरली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने कायदा करून आपल्या अधिकाऱ्यांना फरारी गुलामांना पकडण्यात मदत करण्यास मनाई केली आणि राज्याचे तुरुंग त्या कामासाठी बंद केले. गुलाम पकडणारे येऊ शकत होते, पण त्यांना ना शिपाई मिळत होता, ना कोठडी.

दीडशे वर्षांनी हेच तत्त्व पुन्हा वर आले, तेही बंदुकांच्या खटल्यात. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचे काम स्थानिक शेरीफांवर टाकले होते. मोंटाना राज्यातल्या एका ग्रामीण काउंटीचे शेरीफ जे प्रिंट्झ यांनी ‘हे माझे काम नाही’ म्हणून न्यायालय गाठले. १९९७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. निकाल लिहिला अँटनिन स्कॅलिया यांनी, पुराणमतवाद्यांच्या गळ्यातला ताईत असलेल्या न्यायमूर्तींनी. केंद्र सरकार राज्याच्या अधिकाऱ्याला राबवून घेऊ शकत नाही, असे त्यांनी बजावले. २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या क्रीडा-सट्ट्याच्या खटल्यात न्यायालयाने हे तत्त्व आणखी घट्ट केले. आज शिकागो आणि लॉस एंजेलिसमधले वकील स्थलांतरितांच्या मुलांचा बचाव करताना बंदूकवाल्या शेरीफाचा आणि सट्टाबाजाराचा दाखला देतात. कायद्याचे हत्यार कोणी घडवले आणि ते शेवटी कोणाच्या हाती पडले, याचे यापेक्षा गमतीदार उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

हा झाला पाया. त्यावरची इमारत उभी आहे ती एका कागदावर.

आइसचा अधिकारी बहुतेक वेळा जो कागद घेऊन येतो त्याला फॉर्म आय-२०० म्हणतात. हद्दपारीचा आदेश आधीच निघाला असेल तर आय-२०५. दोन्हींच्या माथ्यावर ‘वॉरंट’ असा ठळक शब्द असतो. खात्याचे नाव असते, अधिकाऱ्याची सही असते. घाईत पाहिले तर कोणाचाही समज होईल की हा कोर्टाचा हुकूम आहे. पण सही असते ती खात्यातल्याच अधिकाऱ्याची. न्यायालयाने दिलेल्या वॉरंटवर वर न्यायालयाचे नाव असते, खाली न्यायाधीशाची सही, आणि कोणती जागा कोणत्या मुदतीत तपासायची हे त्यात लिहिलेले असते. आणखी एक गुंता असा की अमेरिकेत ‘इमिग्रेशन जज’ म्हणून जे ओळखले जातात ते न्यायसंस्थेचे नसतातच. ते न्याय खात्याचे, म्हणजे सरकारचेच नोकर असतात.

हा फरक इतका मोलाचा का? कारण कागदपत्रांविना देशात राहणे ही बाब मुख्यतः दिवाणी आहे, आणि खात्याचे वॉरंट हे दिवाणी स्वरूपाचे असते. राज्यघटनेची चौथी दुरुस्ती (१७९१) नागरिकांचेच नव्हे तर देशातल्या सर्वांचे अवाजवी झडतीपासून रक्षण करते. खात्याच्या कागदावर अधिकारी एखाद्याला रस्त्यात पकडू शकतो, पण जिथे सर्वांना मुक्त प्रवेश नाही अशा जागेत घुसू शकत नाही. तिथे त्याला एक तर न्यायाधीशाचे वॉरंट लागते किंवा आतल्या माणसाची संमती.

राज्यांचे कायदे नेमके या ‘संमती’वर बोट ठेवतात. गणवेशातला, कमरेला पिस्तूल असलेला माणूस समोर आला की शाळेची कारकून किंवा दवाखान्याच्या स्वागतकक्षातली मुलगी सहज म्हणून जाते, ‘या, आत बसा.’ ती संमती ठरते. राज्याचा कायदा केंद्राच्या अधिकाऱ्याला बांधत नाही. तो आपल्या कर्मचाऱ्याकडून ‘या’ म्हणण्याचा अधिकारच काढून घेतो. ‘साहेब, माझी हरकत नाही हो, पण कायद्याने मला परवानगी देता येत नाही’ असे त्या कारकून बाईला म्हणता येते, आणि तिचे काम सोपे होते.

कॅलिफोर्नियाने २०१७ च्या ‘व्हॅल्यूज ॲक्ट’मध्ये शाळा, इस्पितळे, न्यायालये, ग्रंथालये यांच्यासाठी राज्याच्या महाधिवक्त्यांनी नमुना नियम तयार करावेत असे ठरवले. केंद्राने खटला भरला. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने कायदा टिकवला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी आणखी काही विधेयकांवर सही केली. त्यांतल्या एकाने शाळेच्या आतल्या भागात, म्हणजे सर्वांना मोकळ्या नसलेल्या भागात, न्यायालयाच्या हुकमाशिवाय स्थलांतर अधिकाऱ्यांना प्रवेश देण्यास मनाई केली. दुसऱ्याने शाळेच्या आवारात अशी कारवाई झाली तर पालकांना आणि कर्मचाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. तिसरे इस्पितळांसाठी.

इस्पितळाच्या कायद्याची गरज एका घटनेने ठळक केली होती. ८ जुलै २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्याच ऑन्टारिओ गावात एका शस्त्रक्रिया केंद्राबाहेर बागकाम करणाऱ्या माणसाच्या मागे अधिकारी लागले. तो पळत आत शिरला, अधिकारीही मागोमाग आत. निळ्या स्क्रब्जमधले कर्मचारी मध्ये पडले, वॉरंट दाखवा म्हणाले. झटापट कोणीतरी मोबाइलवर टिपली आणि देशभर पाहिली गेली. पुढे दोन कर्मचाऱ्यांवर केंद्राने गुन्हे दाखल केले. त्या चित्रफितीत दिसतो तो गोंधळ: कोणता भाग सार्वजनिक, कोणता खासगी, कोणी बोलायचे, कोणी बाजूला व्हायचे, कोणालाच ठाऊक नाही. नव्या कायद्याने इस्पितळांना हे आधीच ठरवून ठेवायला लावले. बाहेरची प्रतीक्षा-खोली सर्वांना मोकळी. तपासणीची खोली, वॉर्ड, शस्त्रक्रियागृह मोकळे नाही. शिवाय रुग्णाचा स्थलांतर-दर्जा आणि जन्मस्थान हीसुद्धा वैद्यकीय गोपनीयतेत मोडणारी माहिती ठरली. म्हणून आता तिकडच्या इस्पितळांत ‘इथून पुढे फक्त रुग्ण आणि कर्मचारी’ अशा साध्या पाटीला घटनात्मक वजन आले आहे.

इतर राज्यांनीही हाच रस्ता धरला. मे २०२५ मध्ये कोलोरॅडोने सरकारी शाळा, इस्पितळे, ग्रंथालये आणि पाळणाघरांना हाच नियम लावला. मेरीलँडनेही त्याच महिन्यात संवेदनशील जागांविषयी कायदा केला. इलिनॉयने ऑगस्टमध्ये शाळांसाठी आणि डिसेंबरमध्ये न्यायालये, इस्पितळे, विद्यापीठांसाठी. २०२५ हेच साल का, याचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये आहे. १९९३ पासून केंद्राचे स्वतःचेच धोरण होते की शाळा, प्रार्थनास्थळे, अंत्ययात्रा अशा ठिकाणी शक्यतो धरपकड करू नये. २०११ मध्ये आइसचे संचालक जॉन मॉर्टन यांनी ते पक्के केले, त्यात इस्पितळे आली. २०२१ मध्ये देशांतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री अलेहान्द्रो मायोर्कास यांनी यादी वाढवली. शाळेच्या बसचा थांबा, खेळाचे मैदान, लसीकरण केंद्र, आपत्तीतला निवारा हेही त्यात आले. पण हे सारे परिपत्रकांचे राज्य होते. एका परिपत्रकाने दिलेले दुसरे परिपत्रक काढून घेऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये, ट्रम्प प्रशासनाच्या पहिल्याच दिवसांत, ते रद्द झाले आणि निर्णय अधिकाऱ्यांच्या तारतम्यावर सोपवला गेला.

त्याच आठवड्यात शिकागोच्या हॅमलिन प्राथमिक शाळेत काही केंद्रीय अधिकारी आले. आइस आली, अशी बातमी वाऱ्यासारखी पसरली. शाळेने त्यांना आत घेतले नाही. नंतर कळले की ते सीक्रेट सर्व्हिसचे लोक होते आणि एका धमकीच्या तपासासाठी आले होते. धाड नव्हती, पण भीती मात्र खरी होती, आणि मुलांची हजेरी घटायला प्रत्यक्ष धाड पडावीच लागते असे नाही.

मुलाने शाळेत यावे याचा आग्रह कुठून आला, हे पाहायचे तर टेक्सासातल्या टायलर गावी जायला हवे. १९७५ मध्ये टेक्सासने कायदा करून, कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा शाळांना देणे बंद केले. टायलरच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागायला सुरुवात केली. काही मेक्सिकन कुटुंबे न्यायालयात गेली. १९७७ च्या सप्टेंबरात न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली, आईबाप उजेडात, गर्दीत ओळखले जाऊ नयेत म्हणून. एक-दोन कुटुंबे तर गाडीत सामान भरूनच आली. न्यायालयातूनच हद्दपार व्हावे लागले तर, म्हणून. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देऊ नये, असा न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबे मुलांना सरकारी शाळेत घालतात तेव्हा शाळा घरभाड्याचा करार, लसीकरणाची नोंद, जन्माचा दाखला मागते. व्हिसा मागत नाही. एच-वन-बीवर आलेल्या इंजिनिअरला ते साहजिकच वाटते. पण मेक्सिकन मजुरांच्या चार कुटुंबांनी ते मिळवून दिले आहे.

इस्पितळाचा हक्क वेगळ्या वाटेने आला. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने तातडीच्या विभागात आलेल्या कोणाचीही तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे, पैसे असोत वा नसोत, कागद असोत वा नसोत. पण दारापर्यंत पोचता तर यायला हवे. ऑक्टोबर २०१७ मध्ये टेक्सासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी लारेडोहून कॉर्पस क्रिस्टीला रुग्णवाहिकेतून नेत होते. वाटेतल्या तपासणी नाक्यावर सीमा गस्तीच्या जवानांनी कागद पाहिले, मग रुग्णवाहिकेमागे इस्पितळापर्यंत गेले आणि खोलीबाहेर थांबून राहिले. शस्त्रक्रिया झाल्यावर मुलीला ताब्यात घेऊन निवारा केंद्रात ठेवले; मोठा गदारोळ झाल्यावर ती घरी परतली. तेव्हा शाळा-इस्पितळांसारख्या ‘संवेदनशील जागां’विषयीचे केंद्राचे धोरण लागू होते, हे लक्षात घ्यावे.

हे सारे वाचून कॅलिफोर्नियाबद्दल आदर वाटत असेल तर १९९४ आठवावे. त्या वर्षी याच राज्यातल्या मतदारांनी ‘प्रस्ताव १८७’ सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर केला होता. त्यानुसार शिक्षकांनी आणि डॉक्टरांनीच संशयितांची माहिती सरकारला द्यायची होती. न्यायालयाने तो अडवला आणि १९९९ मध्ये तो निकालात निघाला. तीस वर्षांत तेच राज्य पूर्ण उलट्या टोकाला गेले. फ्लोरिडाचा प्रवास दुसऱ्या दिशेने आहे: २०२३ पासून तिथे मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचे पैसे घेणाऱ्या इस्पितळांना दाखल होताना स्थलांतर-दर्जा विचारावा लागतो, अर्थात रुग्ण उत्तर नाकारू शकतो.

न्यायालयांच्या आवाराची गोष्ट सर्वांत जुनी. न्यायालयात साक्षीला किंवा दाव्यासाठी येणाऱ्याला दिवाणी कारणावरून अटक करू नये, हा संकेत इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आला; नाहीतर कोर्टात पाय ठेवायला कोणी धजावणार नाही. न्यूयॉर्कने २०२० मध्ये तो लेखी कायद्यात आणला. केंद्राने २०२५ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला, आणि नोव्हेंबरात न्यायाधीश मे डॅगोस्टिनो यांनी तो फेटाळला. त्या निकालातही प्रिंट्झ शेरीफाचेच तत्त्व पुन्हा उभे राहिले. इलिनॉयने तर न्यायालयाभोवती १,००० फुटांचे, म्हणजे सुमारे तीनशे मीटरचे वर्तुळ आखले. हे वर्तुळ टिकेल का, याबद्दल मला शंका आहे, कारण तिथे राज्य आपल्या शिपायाला आवरण्याच्या पुढे जाऊन केंद्राच्या अधिकाऱ्यालाच रोखू पाहते. केंद्राने त्याही कायद्याला आव्हान दिले आहे.

केंद्राची बाजू पोकळ नाही. न्यायालयात येणारा माणूस धातुशोधक यंत्रातून आलेला असतो, त्याच्याकडे शस्त्र नसते. तिथे पकडणे रस्त्यावर पकडण्यापेक्षा सर्वांसाठी सुरक्षित, असे आइसचे म्हणणे असते. राज्ये तुरुंगातून माणूस परस्पर सोडून देतात म्हणून आम्हाला वस्तीत जावे लागते, हेही ते सांगतात. दुसरीकडे खासगी इस्पितळांबाबत राज्यांची स्थिती नाजूक आहे. २०१८ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशांनी कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या एका कायद्यातला, खासगी मालकांना संमती देण्यास मनाई करणारा भाग स्थगित केला होता. सरकारी शिपायाला राज्य गप्प बसवू शकते. खासगी मालकालाही बसवू शकते का, हा प्रश्न वेगळा.

आणि दार न उघडणे व माणूस लपवणे यांत मोठे अंतर आहे. एप्रिल २०२५ मध्ये मिलवॉकीच्या न्यायाधीश हॅना डुगन यांनी आपल्या कोर्टात आलेल्या माणसाला अधिकारी बाहेर थांबलेले असताना ज्युरींच्या दाराने बाहेर जाऊ दिले. त्यांनाच अटक झाली आणि डिसेंबरात ज्युरीने त्यांना अडथळा आणल्याच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवले. म्हणून शाळांच्या प्रशिक्षणात हेच घोकून घेतले जाते: खोटे बोलू नका, मागच्या दाराने कोणाला काढू नका, अधिकाऱ्याला हात लावू नका. कागदाची प्रत घ्या, नाव टिपा, शाळेच्या वकिलांना फोन करा, आणि अधिकारी तरीही घुसलेच तर अडवू नका, जे घडले ते लिहून ठेवा.

फाटकाबाहेर मात्र यातले काहीच लागू होत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक बाप एका मुलीला शाळेत सोडून दुसरीच्या शाळेकडे निघाला असताना वाटेतच पकडला गेला. मागच्या सीटवर बसलेल्या मुलीने रडत रडत ते मोबाइलवर टिपले. शाळा जवळच होती. २०२५ चे नवे कायदेही त्याला वाचवू शकले नसते.

या साऱ्याशी भारताचा संबंध दूरचा नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, आणि तिघे महाराष्ट्राचे. त्याच महिन्यात मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने प्रार्थनास्थळांबाबत जे मोजके संरक्षण दिले, ते मागणाऱ्यांत क्वेकर पंथीयांबरोबर सॅक्रामेंटोचे शीख गुरुद्वाराही होते. ते संरक्षण फक्त दावेदारांपुरते. वॉशिंग्टनच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये सत्तावीस धार्मिक संस्थांना तेच नाकारले. डेन्व्हरच्या शाळांनाही मार्चमध्ये नकारच मिळाला होता.

शाळांसाठी पुढची खरी लढाई दारापाशी होणार नाही, अशी चिन्हे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीच्या सिनेटने एक विधेयक मंजूर केले. कागदपत्रे नसलेल्या मुलांकडून शाळांनी फी मागावी किंवा त्यांना प्रवेशच नाकारावा, अशी मुभा त्यात होती, आणि प्लायलरचा निकाल पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे न्यावा हा त्याच्या समर्थकांचा उघड हेतू होता. केंद्राचा शिक्षण-निधी हातचा जाईल या धास्तीने ते कनिष्ठ सभागृहात अडकले.